जुनं शिलाई मशीन घ्यायचं तर कोणतं? सिंगर, उषा की सुरतेची जुकी

आखाजी (अक्षय्य तृतीया) जवळ आली की धुळे-जळगावकडे शिलाई मशीनची विचारपूस वाढते. माहेरी आलेल्या लेकींचे ब्लाउज, पाठोपाठ लग्नसराई, मग जूनमध्ये शाळेचे गणवेश. दर वेळी टेलरकडे खेटे घालण्यापेक्षा घरातच एक मशीन असावं असं वाटायला एवढं पुरे होतं. आणि मग समोर चार पर्याय येतात: कुणाच्या तरी माळ्यावरचं काळं सिंगर, त्याच रूपाचं देशी उषा किंवा रीटा, सुरतेहून आलेली सेकंडहँड जुकी, म्हणजे कारखान्यातलं जपानी मशीन, आणि शोरूममधलं पांढरं झिगझॅग, म्हणजे नागमोडी टाकाही घालणारं. नव्या मशीनबद्दल दुकानदार हवं तेवढं सांगतो, म्हणून इथे भर जुन्यांवर आहे.

लोक आधी नाव बघतात. सोनेरी अक्षरांत सिंगर दिसलं की हात आपोआप खिशाकडे जातो. धुळ्यातले जुने मिस्त्री मात्र एकच सांगतात, "नाव काय देखी ऱ्हायना भाऊ, शटल देख." शटल म्हणजे खालचा दोरा वरच्या दोऱ्यात गुंतवणारा भाग. सुईखालची चकचकीत पट्टी सरकवायची आणि आत काय आहे ते बघायचं. मशीन पुढची वीस वर्षं चालणार की शोभेला उभं राहणार, हे तिथेच कळतं.

आत तीन प्रकारची रचना सापडते. पहिली, लांब शटल. बंदुकीच्या गोळीसारखं निमुळतं शटल, त्यात दोन टोकांना चकत्या असलेली लांब बारीक बॉबिन (खालच्या दोऱ्याची रीळ), आणि हातचाक फिरवलं की ते शटल छोट्या कमानीत मागे-पुढे झुलतं. सिंगरची २७, २८, १२७, १२८ ही मॉडेल्स या घरातली. चालताना आवाज गोड, टाका सरळ आणि नेटका. संग्रहासाठी यापेक्षा देखणं काही नाही. पण शटल हरवलेलं असेल तर ते चोपड्याच्या किंवा शहाद्याच्या दुकानात मिळणार नाही, बॉबिनही नाही. सुई मात्र साधी घरगुतीच लागते, तेवढी सोय. शटल आणि निदान तीन-चार बॉबिन सोबत मिळत असतील तरच हे मशीन घ्या, आणि तेही हौसेसाठी. पोट यावर भरू नका.

दुसरी रचना म्हणजे वरून बसणारी आडवी बॉबिन. सिंगरचं ६६ आणि त्याचं पाऊण आकाराचं भावंड ९९. पट्टी सरकवली की बॉबिन समोर दिसते, दोरा किती उरला ते वाकून बघावं लागत नाही. नजर मंदावलेल्या आजींना किंवा नुकत्या शिकणाऱ्या मुलीला हे सर्वांत सोपं. ९९ चं हातमशीन लाकडी घुमटाच्या पेटीत येतं. पेटीसकट उचलताना कंबर सांभाळा, हेड (म्हणजे मशीनचा शिवणारा वरचा भाग) बिडाचं असतं. अडचण दोन ठिकाणी आहे. याची बॉबिन किंचित फुगीर बाजूंची असते, बाजारातली नेहमीची सपाट बॉबिन बसवली की दोरा अडकतो. आणि ९९ च्या हाताखाली जागा कमी. गोधडीची गुंडाळी तिथून जात नाही, ब्लाउज, झबली, पिशव्या यांना काही अडत नाही.

तिसरी रचना, उभी बॉबिन केस, म्हणजे बॉबिन ठेवायची छोटी डबी, जी डाव्या बाजूने आत बसते. सिंगरचं १५ नंबरचं मॉडेल या रचनेचं, आणि आपल्याकडचं काळं उषा, रीटा आणि लुधियानात बनलेली बहुतेक हेड्स याच घाटाची. जय इंजिनीअरिंग वर्क्सने १९३० च्या दशकात कोलकात्यात उषा सुरू केलं. दुसऱ्या महायुद्धानंतर जपाननेही हीच रचना उचलून मोठ्या प्रमाणावर मशीनं काढली. त्यामुळे बॉबिन, बॉबिन केस, शटल, टेन्शनची (दोऱ्याच्या ताणाची) स्प्रिंग, सगळं आजही शिलाई साहित्याच्या कुठल्याही दुकानात मिळतं. स्कॉटलंडहून आलेल्या सिंगर १५ मध्येही तीच बॉबिन केस चालते. म्हणजे दोन सिंगर एकमेकांना परके आणि सिंगर-उषा सख्खे, असा हा मामला. मला विचाराल तर शिवण्यासाठी जुनं मशीन घेणाऱ्याने सरळ हीच रचना शोधावी, वर नाव कोणतंही असो. बॉबिन बसवताना थोडं वाकावं लागतं, आठवड्याभरात हाताला सवय होते.

कामावर तुलना केली तर चित्र आणखी स्पष्ट होतं. जुन्या लुगड्यांची चार-पाच पदरी गोधडी: उभ्या बॉबिनचं पूर्ण आकाराचं पायमशीन पुढे, ६६ त्याच्या बरोबरीने, ९९ जागेअभावी मागे, लांब शटलवर तर मी जाड काम टाकतच नाही. सुती ब्लाउज: चौघंही सारखी, इथे फरक हाताचा. जीन्सची दुमड: १६ किंवा १८ नंबरची सुई लावून हातचाक सावकाश फिरवलं की काळं मशीन कुरकुर न करता पार करतं. नवी हलकी मशीनं इथे बऱ्याचदा अडखळतात. पण लेगिंग्जचं ताणणारं कापड आणि साडीचं पिको या दोन गोष्टी जुन्या सरळ टाक्याच्या मशीनवर होत नाहीत. त्याला झिगझॅगच हवं. फॉल-पिकोचा धंदा डोक्यात असेल तर बाकीचं न वाचता शोरूम गाठलेलं बरं.

विजेचा मुद्दा खान्देशात दुर्लक्षून चालत नाही. खेड्यात वीज ऐन दुपारी जाते तेव्हा पायमशीन चालूच राहतं. हवं तर त्याला छोटी मोटर लावता येते आणि पट्टा बदलून पुन्हा पायावरही आणता येतं. झिगझॅग आणि जुकीला ही मुभा नाही.

जुकीचं आकर्षण मात्र समजण्यासारखं आहे. सुरतेतल्या उधन्या-लिंबायतला आपली माणसं भरपूर, तिथून कुणीतरी फोन करतं, कारखाना बंद होतोय, मशीन घेऊन जा. ताप्तीलाइनने, म्हणजे सुरतेहून खान्देशात येणाऱ्या रेल्वेने, नंदुरबार, अमळनेर, भुसावळ सगळीकडे ती पोचते. ही मिनिटाला चार-पाच हजार टाके घालणारी कारखान्याची जात. हेडखाली तेलाची टाकी, सुई गोल दांड्याची, घरगुती सुई तिला चालत नाही. जुनी क्लच मोटर असेल तर शिवत नसतानाही ती गरगरत आणि वीज खात राहते, सर्वो मोटर असेल तर ते नाही. दिवसाला दोन-तीन डझन गणवेश काढायचे असतील तर जुकीला तोड नाही. शिकण्यासाठी मात्र नको, नवखा माणूस पायडलला पाय लावतो आणि कापड हातातून निघून जातं.

किमतीबद्दल एक सावधगिरी. कुणी जुन्या सिंगरचे लाखात पैसे सांगू लागलं की विषय तिथेच संपवा. यामागे बहुतेकदा "लाल पारा" असतो. २००९ साली सौदी अरबस्तानात अफवा उठली की जुन्या सिंगरमध्ये हा मौल्यवान पदार्थ दडलेला आहे, आणि तिथे मशीनांचे भाव आकाशाला भिडले. आत बीड, पोलाद आणि तेल, बाकी काही नसतं. अस्सल सिंगरच्या खांबावर पितळी बिल्ला रिव्हेटने ठोकलेला असतो. नुसतं स्टिकर असेल तर बहुतेक ते देशी हेड रंगवलेलं. नंबरही बघा: फक्त आकडे असतील तर मशीन १९०० पूर्वीचं, त्यानंतर सिंगरने आकड्यांआधी अक्षर लावायला सुरुवात केली. ईने सुरू होणारी दोन अक्षरं म्हणजे १९३५ किंवा त्यानंतरचं, स्कॉटलंडच्या क्लाइडबँक कारखान्यातलं. तो कारखाना १९८० मध्ये बंद झाला. देशी हेड वाईट असतं असं नाही, फक्त सिंगरच्या भावाने घेऊ नका.

घेण्याआधी सोबत सुई, दोरा आणि जीन्सचा तुकडा न्या. हातचाक आपल्याकडे फिरवा, एका जागी जड आणि एका जागी हलकं लागत असेल तर आत काहीतरी वाकलंय. सुईची दांडी बोटाने हलवून बघा, डुगडुगायला नको. पट्टीखालचे दाते झिजून गुळगुळीत झालेत का, शटलच्या टोकाला गंज आहे का, बिडाला कुठे तडा आहे का, हे उजेडात पाहा. पूर्ण जाम झालेल्या मशीनला घाबरू नका. बहुतेकदा कुणीतरी खोबरेल किंवा शेंगदाण्याचं तेल घातलेलं असतं आणि ते आत चिकट होऊन बसलेलं असतं. प्रत्येक सांध्यात डिझेलचे दोन थेंब, एक रात्र थांबा, आणि मे महिना असेल तर तासभर गच्चीवर ठेवा. जळगावचं ऊन निदान या एका कामी उपयोगी पडतं. तडा आणि वाकलेली दांडी हे मात्र दुरुस्तीच्या पलीकडचं समजा आणि परत फिरा.

घरी आणल्यावर सोनेरी नक्षीला थिनर किंवा स्पिरिट लावू नका, वरचा पारदर्शक थर विरघळतो. मशीनचं पांढरं तेल मऊ कापडावर घेऊन पुसलं तरी काळा रंग चमकतो. पहिल्या दिवशी टाके सुटू लागले तर टेन्शनचा स्क्रू पिळू नका. आधी सुई नवी लावा आणि तिची सपाट बाजू योग्य दिशेला आहे का ते बघा, मग दोरा वरपासून पुन्हा ओवा. मिस्त्रीला फोन करायची वेळ क्वचितच येते.