सिल बदलल्याचे फोटो आले, सिल तेच राहिलं

जॅक वर चालला होता, गाडी मात्र जागची हलत नव्हती. ब्रेक पॅड बदलायला मागचं डावं चाक उचलत होतो. आधी वाटलं, जॅकच घसरतोय. मग कडक भाकरी मोडावी तसा आवाज आला आणि जॅकचं डोकं सिलमध्ये, म्हणजे दाराखालच्या पत्र्याच्या लांब पोकळ पट्टीत, दोन बोटं आत गेलं. त्याच सिलचं वेल्डिंग करून घेऊन दहा महिने झाले होते. १४५० पौंड मोजले होते त्याचे.

गाडी माझदा एमएक्स-५, २००१ ची, १.८ इंजिनवाली, हिरवी. दुसरी पिढी, म्हणजे उघडमिट करणारे दिवे गेल्यानंतरची. मी इंग्लंडात मिल्टन कीन्सला राहतो. इकडे आलेल्या आपल्या बऱ्याच पोरांना हिचा नाद लागतो, आणि त्यात नवल काही नाही. वजन हजार-अकराशे किलो, ताकद मागच्या चाकांना, इंजिन दणकट, पार्ट सहज मिळतात, आणि सिग्नलला उभं असताना बसल्या जागेवरून छप्पर मागे टाकता येतं. कोल्हापुरात असताना जी फक्त कॉम्प्युटर गेममध्ये चालवली, ती इथे मला २२०० पौंडांना मिळाली.

हिचं इंजिन सहसा दगा देत नाही, दगा देतो पत्रा. छपरावरचं पावसाचं पाणी सीटांच्या मागे दोन्ही बाजूंना असलेल्या नळ्यांतून खाली, मागच्या चाकांच्या जरा पुढे जमिनीवर पडतं. त्या नळ्या पानांनी, मातीनं तुंबल्या की पाणी आत मुरतं आणि सिल आतून कुजायला लागतं. वर हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, ते खालून लागतंच. दुसऱ्या पिढीत पुढचे चासीचे दांडेही पत्र्यावर पत्रा जोडून केलेत. दोन थरांच्या मध्ये ओल अडकते, आणि बाहेर फोड दिसेपर्यंत आतला थर संपलेला असतो.

हे सगळं मला गाडी घ्यायच्या आधीपासून ठाऊक होतं. तरी घेतल्याबरोबर आधी काय केलं, तर कॉइलओव्हर (उंची कमी-जास्त करता येणारं सस्पेन्शन) टाकले आणि १५ इंची हलकी चाकं बसवली. पाया कुजतोय आणि मी माडी रंगवतोय. सिलवर पेंटचे फुगे दिसायला लागले तेव्हा कुठे वेल्डरचा शोध सुरू केला.

गॅरेजचं नाव लिहीत नाही. घरापासून तासाभरावर, एका औद्योगिक वसाहतीत. एमएक्स-५ वाल्यांच्या एका भेटीत दोघांनी सुचवलं होतं. माणूस बोलायला गोड, गाडीखाली आडवा झाला, स्क्रू ड्रायव्हरनं इथे-तिथे टोचून दाखवलं, म्हणाला, दोन्ही सिलचा मागचा भाग कापून नवा पत्रा घालायला लागेल. बरोबरच होतं ते. मग म्हणाला, पैसे थेट खात्यावर टाकलेस तर व्हॅट लावत नाही. २० टक्के सुटतायत म्हटल्यावर माझ्यातला हिशेबी माणूस जागा झाला. बिल आलं ते एका ओळीचं: ‘दोन्ही सिल वेल्डिंग, अंडरसील’. अंडरसील म्हणजे गाडीच्या खालून मारायचा गंजरोधक लेप.

काम चालू असताना त्यानं सहा फोटो पाठवले. कापलेला पत्रा, ठिणग्या, करड्या प्रायमरचा नवा तुकडा. मी ते बायकोला दाखवले, कोल्हापूरला बाबांना पाठवले. बाबांनी फक्त एवढंच विचारलं, “जुना पत्रा घेतलास का परत?”

बाबांची मारुती ८०० उद्यमनगरात दुरुस्तीला जायची तेव्हा ते निघताना एकच वाक्य बोलायचे, “जुने पार्ट डिकीत टाकून ठेव रे.” क्लच प्लेट असो नाहीतर फॅनबेल्ट, घरी आल्यावर वर्तमानपत्रावर ठेवून बघायचे. लहानपणी मला त्याची लाज वाटायची. इथे तर वाटलं, परदेशात कसलं आलंय असलं, मेकॅनिकवर अविश्वास दाखवल्यासारखं होईल. बाबांना म्हटलं, “इकडे असं मागत नाहीत.”

पुढच्या महिन्यात एमओटी, म्हणजे गाडीची सक्तीची तपासणी, झाली. तीन वर्षांवरच्या गाडीला इथे ती दरवर्षी लागते. पास झाली. सोबत एक सूचना होती, की खाली जाड अंडरसील आहे, काही भाग तपासता आला नाही. मी पास हा शब्द वाचला आणि पुढचं सोडून दिलं. खरं म्हणजे टेस्टरला काही खोलायचा किंवा अंडरसील खरवडून काढायचा अधिकारच नाही. त्यानं डोळ्यांनी बघायचं आणि हलकेच ठोकून बघायचं. म्हणजे काळ्या डांबरासारख्या थराखाली काय आहे, हे त्या कागदावरून कळतच नाही.

तर जॅक आत गेला त्या दिवशी. फ्रिजवरचा गणपतीचा मॅग्नेट काढला (घरात तेवढाच होता) आणि सिलवरून फिरवला. पुढच्या अर्ध्या भागाला चिकटला. मागे सरकवत गेलो तसा ढिला झाला आणि जॅक पॉइंटच्या अलीकडे हातातून सुटून खाली पडला. उजव्या बाजूलाही तेच. वायर ब्रशनं अंडरसील घासलं तर खाली लांबी, म्हणजे पुट्टी. उद्यमनगरातले डेंटिंगवाले पोचा भरतात तसली, बोटभर जाडीची, आणि लांबीच्या मागे कुजलेल्या भोकावर ॲल्युमिनियमची जाळी. वेल्डिंगचा एक टाकासुद्धा नाही. सीटबेल्ट, सस्पेन्शन जिथे बसतात त्याच्या ३० सेंटिमीटरच्या आत लावलेला पत्रा सलग वेल्ड केलेला असायला लागतो, लांबी तिथे अजिबात चालत नाही. माझ्या गाडीत तो भाग नेमका तोच.

तरी मनात होतं, आतून काहीतरी केलं असेल. पंचवीस पौंडांचा एंडोस्कोप मागवला, फोनला जोडायचा, लांब वायरच्या टोकाला कॅमेरा. सिलला रबरी बूच असतं, ते काढून आत घातला. आत तांबूस पापुद्रे, सुकलेला चिखल, आणि नेमकं कापलं असायला हवं त्या जागी एक वाळकं पान. अख्खं, शिरांसकट. शेजारी कोळ्याचं जुनं जाळं. या जागी खरंच वेल्डिंग झालं असतं तर पानाची राख झाली असती.

मग फोटो परत उघडले. सहापैकी पाच इतक्या जवळून काढलेले की गाडी कुठली तेच कळू नये. सहाव्यात वरच्या कोपऱ्यात दाराच्या कडेची चिमूटभर पट्टी आली होती. लाल.

फोन केला तर म्हणाला, जुनी गाडी आहे, गंज परत येतोच. लाल पट्टीवाला फोटो पाठवल्यावर फोन उचलणंच बंद. क्रेडिट कार्डनं पैसे दिले असते तर १०० पौंडांवरच्या खरेदीला कार्ड कंपनीही जबाबदार धरता आली असती. खात्यावर टाकलेल्या पैशाला ती सोय नाही. उरला २०१५ चा ग्राहक हक्क कायदा: काम वाजवी काळजीनं आणि कौशल्यानं झालं पाहिजे, नाहीतर परत करून द्या किंवा पैसे कमी करा. दुसऱ्या गॅरेजकडून १२० पौंड देऊन लेखी अहवाल घेतला, दाव्याआधीची नोटीस पाठवली. त्याच सुमारास कंपनी नोंदणीच्या सरकारी साइटवर त्याचं नाव फुकटात शोधलं. याआधीच्या दोन कंपन्या बंद केलेल्या दिसल्या. हे काम गाडी द्यायच्या आधी पाच मिनिटांत झालं असतं. दावा जिंकलो तरी तिसरी कंपनी गुंडाळलेली असेल, या भीतीनं त्यानं देऊ केलेले ६०० पौंड दोन हप्त्यांत घेऊन गप्प बसलो. हे बरोबर केलं असं अजूनही वाटत नाही.

आता गाडी दुसऱ्या वेल्डरकडे आहे. डावी बाजू झाली, उजवी व्हायचीय, पुढच्या दांड्यांचं धरून २३०० सांगितलेत, व्हॅटसकट, कार्डवर. याचे फोटो येतात त्यात नंबर प्लेट असते किंवा किमान हिरवा रंग तरी. पहिल्याच दिवशी मी घसा खाकरून सांगितलं, की कापलेला पत्रा मला परत हवाय. मला वाटलं हसेल. त्यानं कोपऱ्यातल्या कार्डबोर्डच्या खोक्याकडे बोट दाखवलं. त्यावर मार्करनं माझा नंबर आधीच लिहिलेला होता.

डाव्या सिलचे तुकडे परवा घरी आणले. वर्तमानपत्रावर पसरून बाबांना व्हिडिओ कॉल लावला.