‘द क्वीन्स गँबिट’: पट खरा, घड्याळ खोटं

पडद्यावर बुद्धिबळ दिसलं की जाणकाराची नजर आधी पटाच्या उजव्या कोपऱ्याकडे जाते. खेळणाऱ्याच्या उजव्या हाताला पांढरं घर हवं. कितीतरी सिनेमांत आणि जाहिरातींत तिथे काळं घर असतं, आणि मग राजा-वजिराच्या जागाही चुकतात. नेटफ्लिक्सवर 2020 साली आलेली ‘द क्वीन्स गँबिट’ ही सात भागांची मालिका त्या परीक्षेच्या फार पुढे गेलेली आहे. स्पर्धात्मक बुद्धिबळावरच्या काल्पनिक कथांमध्ये पटावर इतकी मेहनत क्वचितच कुणी घेतली असेल. म्हणूनच ती जिथे चुकते तिथेही नीट बघायला हवं. (मालिका पाहिली नसेल तर पुढे शेवट उघड केलेला आहे.)

कथा वॉल्टर टेव्हिस यांच्या 1983 च्या कादंबरीवरून घेतलेली. केंटकीतल्या अनाथाश्रमाच्या तळघरात तिथल्या कामगाराकडून खेळ शिकलेली बेथ हार्मन 1968 मध्ये मॉस्कोत रशियन जगज्जेत्या बोर्गोव्हला हरवते. सल्लागार म्हणून माजी जगज्जेता गॅरी कास्पारोव्ह आणि अमेरिकेतले नामवंत प्रशिक्षक ब्रूस पँडॉल्फिनी होते, आणि ते नावापुरते नव्हते. पटावर दिसणाऱ्या स्थिती खऱ्या डावांतून उचललेल्या आहेत. केंटकीच्या राज्य स्पर्धेत बेथ हॅरी बेल्टिकला हरवते तो डाव मुळात नेझमेत्दिनोव्ह आणि कास्पारियान या सोव्हिएत खेळाडूंमध्ये 1955 साली रिगामध्ये झालेला. बोर्गोव्हविरुद्धचा शेवटचा डाव 1993 साली बीलमध्ये इव्हान्चुक आणि पॅट्रिक वुल्फ यांच्यात झाला होता आणि बरोबरीत सुटला होता. कास्पारोव्हने त्यात पांढऱ्यासाठी अधिक चांगल्या चाली शोधून बेथला विजय मिळवून दिला. बुद्धिबळाच्या डावांच्या डेटाबेसमध्ये मूळ डाव सहज मिळतो. तो शेजारच्या पटावर मांडून सातवा भाग थांबवत थांबवत पाहिला तर मालिकेतला डाव मूळ डावापासून कुठे वेगळा होतो ते आपल्याला सापडतं. तासभर त्यात छान जातो.

अर्थात, राज्य पातळीवरची नवखी पोरगी नेझमेत्दिनोव्हसारखा हल्ला चढवते ही अतिशयोक्तीच. पण ती चांगल्या डावाची अतिशयोक्ती आहे, बिनबुडाच्या चालींची नाही.

हातांकडे मुद्दाम बघा. नवशिका मोहरा मारताना आधी समोरच्याचा मोहरा उचलून बाजूला ठेवतो, मग आपला सरकवतो. सरावलेला खेळाडू एकाच हाताने दोन्ही करतो: आपला मोहरा अंगठा आणि पहिल्या दोन बोटांत, मारलेला उरलेल्या बोटांत, आणि त्याच हाताने घड्याळाचं बटण. घड्याळ त्याच हाताने दाबायचं हा नियमच आहे. बेथची भूमिका करणारी अन्या टेलर-जॉय हे इतक्या सफाईने करते की तिचा हात खेळाडूचाच वाटतो. काळाचंही भान आहे. तेव्हाच्या अमेरिकेत चाली ‘डी फोर’ अशा न सांगता ‘पॉन टू क्वीन फोर’ अशा जुन्या पद्धतीने सांगत, आणि इथेही तसंच. राज्य स्पर्धेत नाव नोंदवताना बेथला रेटिंग, म्हणजे खेळाडूची ताकद सांगणारा आकडा, विचारतात तेही बरोबर, कारण अमेरिकन महासंघाने तो काढायची एलो पद्धत 1960 मध्येच स्वीकारली होती. फिडेने, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाने, ती त्यानंतर दहा वर्षांनी घेतली.

सगळ्यात खरा भाग आहे तहकूब डावाचा, आणि आजच्या प्रेक्षकाला नेमका तोच खोटा वाटतो. डाव अर्धवट थांबतो, रात्रीतून मित्र न्यूयॉर्कहून फोन करून बेथला चाली सुचवतात. ही फसवणूक नाही का? नाही. तेव्हा पाचेक तासांनी, साधारण चाळीस चालींच्या पुढे, डाव थांबवत. ज्याची चाल असेल त्याने ती पटावर खेळायची नाही, स्कोरशीटवर, म्हणजे चाली नोंदवायच्या कागदावर, लिहायची. ते पाकिटात घालून पाकीट बंद. वर स्थिती आणि दोघांचा वापरलेला वेळ लिहून पंचांच्या ताब्यात. दुसऱ्या दिवशी पंच पाकीट उघडतात, चाल पटावर खेळतात, घड्याळ सुरू करतात. लिहिलेली चाल संदिग्ध किंवा नियमबाह्य निघाली तर डाव हरला. मधल्या वेळात सहकाऱ्यांसोबत विश्लेषण करायला पूर्ण मुभा होती, आणि सोव्हिएत खेळाडूंचा संघ त्यात तरबेज होता. मित्रांच्या अंदाजाबाहेरची चाल बोर्गोव्ह खेळतो आणि तिथून बेथला एकटीने गणित करावं लागतं, हेही अगदी तहकूब डावासारखंच. संगणक ताकदवान झाले आणि 1990 च्या दशकात ही प्रथा बंद पडली.

आता घड्याळ. त्या काळची सर्वसाधारण वेळ 40 चालींना अडीच तास, म्हणजे 150 मिनिटं. सरासरी काढली तर एका चालीला पावणेचार मिनिटं. पण ही सरासरी फसवी आहे. ओपनिंगच्या दहा-बारा चाली पाठांतरातून भराभर होतात, मग एखाद्या चालीवर चाळीस मिनिटं जातात, आणि शेवटच्या आठ-दहा चालींना दोन-तीन मिनिटं उरतात. घड्याळावरचा छोटा झेंडा काट्याच्या टोकावर चढत असतो. आजच्यासारखे प्रत्येक चालीला मिळणारे 30 सेकंद तेव्हा नव्हते. चाली पूर्ण होण्याआधी वेळ संपून झेंडा पडला की पटावर कितीही जिंकलेली स्थिती असो, डाव गेला. लाखमोलाचे डाव याच ‘टाइम ट्रबल’मध्ये हातचे जात. मालिकेत मात्र महत्त्वाच्या सामन्यांतही दोघे चटाचट चाली करतात, जणू ब्लिट्झ, म्हणजे काही मिनिटांचा झटपट डाव, चाललं आहे. वेळेचा ताण हे या खेळातलं सगळ्यात मोठं नाट्य, आणि लेखक-दिग्दर्शकांनी ते जवळजवळ वापरलेलंच नाही. ही मला या मालिकेची खरी उणीव वाटते.

बोलण्याचंही तसंच. गंभीर स्पर्धेत डाव चालू असताना बरोबरी विचारणं किंवा हार मानणं एवढंच काय ते बोलतात. वरच्या पातळीवर ‘शह’सुद्धा कुणी म्हणत नाही. बेथ बेल्टिकला विचारते, आता दिसतंय का, की पटावर दाखवू? असं विचारलं तर पंच लगेच समज देतील. राजा आडवा पाडणं हाही पडद्याचा लाडका हावभाव. प्रत्यक्षात घड्याळ थांबवायचं, हात मिळवायचा, दोन्ही स्कोरशीटवर निकाल लिहून सह्या करायच्या. बोर्गोव्ह स्वतःचा राजा बेथच्या हातात देतो ते दृश्य मात्र सुंदर आहे आणि कथेचं म्हणून मान्य करावं. हरल्यावर प्रतिस्पर्ध्याचं मनापासून कौतुक करणारे रशियन खेळाडू काल्पनिक नाहीत.

बरोबरीचे डाव इथे जवळपास नाहीतच. 1972 च्या फिशर-स्पास्की लढतीत 21 पैकी 11 डाव बरोबरीत सुटले होते. 2018 च्या कार्लसन-कारुआना लढतीत तर 12 च्या 12. बरोबरीत संपलेला पाच तासांचा डाव किती थकवतो, आणि काळ्या मोहऱ्यांनी मिळवलेला अर्धा गुण किती मोलाचा असतो, हे एकदा तरी यायला हवं होतं.

बेथला छतावर मोहरे हलताना दिसणं ही कल्पना पटते. पट समोर नसताना डाव मनात चालवणं हे प्रत्येक मास्टरचं रोजचं काम आहे. त्याला गुंगीच्या गोळ्यांची जोड दिली आहे ती खटकते. अशा गोळ्यांनी लक्ष आणि गणिताचा वेग मंदावतो, वाढत नाही. शेवटचा डाव बेथ शुद्धीत राहून जिंकते म्हणून हा दोष थोडा कमी होतो. गोळ्या आणि दारू भरपूर आहे, त्यामुळे क्लासला जाणाऱ्या आठ-दहा वर्षांच्या मुलांना ही मालिका ‘बुद्धिबळाची’ म्हणून लावून देऊ नये.

एक चूक मात्र माफ करण्याजोगी नाही. शेवटच्या भागात समालोचक नोना गाप्रिंदाश्विलीचं नाव घेतो आणि ती पुरुषांशी कधीच खेळलेली नाही असं सांगून टाकतो. नोना जॉर्जियाची, 1962 ते 1978 महिला जगज्जेती, आणि 1968 पर्यंत कितीतरी पुरुषांशी, त्यांत ग्रँडमास्टर्सशीही, खेळलेली. 1978 मध्ये ग्रँडमास्टर किताब मिळवणारी ती पहिली स्त्री. तिने 2021 मध्ये नेटफ्लिक्सवर दावा लावला आणि पुढच्या वर्षी तो तडजोडीने मिटला. काल्पनिक मुलीला मोठं करायला एका हयात खेळाडूचं खरं कर्तृत्व पुसायची काहीच गरज नव्हती.

आणि स्पर्धेत मुलगी आली तर किती अडचणी येतात, तेही मालिकेने फार सोपं केलं आहे. बेथला थोड्या तिरक्या नजरा झेलाव्या लागतात, पुढे सगळे तिचे मित्र होतात. मुंबईची रोहिणी खाडिलकर 1976 मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळली तेव्हा इतका गदारोळ झाला की प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धांतून स्त्रियांना अडवता येणार नाही, असा निर्णय फिडेचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांना द्यावा लागला. जुलै 2025 मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने महिला विश्वचषक जिंकला आणि त्याबरोबर ग्रँडमास्टरही झाली, तो नोनाच्याच जॉर्जियात, बाटुमीला. कोनेरू हम्पीविरुद्धच्या त्या अंतिम लढतीतले दोन्ही क्लासिकल, म्हणजे लांब वेळेचे, डाव बरोबरीत सुटले होते. निकाल लागला तो टायब्रेकच्या, म्हणजे बरोबरी फोडणाऱ्या, दुसऱ्या रॅपिड (कमी वेळेच्या) डावात, जिथे चालींइतकीच घड्याळाशीही झुंज असते.