वाचनालयासाठी पैसे: रद्दी की आनंदमेळावा?

शाळेच्या वाचनालयासाठी निधी हवा असेल तर मी आधी रद्दीकडे वळेन. भांडवल शून्य. 40 मुलांच्या वर्गात प्रत्येकाने 5 किलो वर्तमानपत्रं आणली की 200 किलो होतात. किलोला 12 रुपये धरले तर 2,400 रुपये. भाव मात्र आधीच दोन-तीन दुकानांत विचारावा, आणि वजन शाळेतच मुलांसमोर करावं. पावसाळा टाळा, ओल्या कागदाला कोणी विचारत नाही. दिवाळीच्या साफसफाईत घरोघरी गठ्ठे निघतात, तोच खरा हंगाम. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ज्या घरातून वर्गणी मागणं जिवावर येतं, तिथलं मूलही यात मानाने सहभागी होतं.

आनंदमेळाव्यात भेळ, ताक, उकडलेल्या शेंगांचे स्टॉल लागतात. एका संध्याकाळी रद्दीपेक्षा जास्त गल्ला जमू शकतो, आणि सुटे पैसे मोजताना सातवीतली मुलं नफा-तोटा जे शिकतात ते फळ्यावर येत नाही. पण सामानाचा खर्च बहुतेकदा आईच्या पाकिटातून जातो, तो हिशेबात धरलाच जात नाही. तो वजा करा, मग तुलना करा. मेळावा वर्षातून एकदाच जमतो. रद्दी पावसाळा सोडून दर तिमाहीला.