वाचनालयाने घरी काय द्यावं: टॅब, डोंगल की लॅपटॉप?

मुंबईकर मंडळाची देणगी आली की गावच्या वाचनालयात पहिली सूचना हमखास टॅबची येते. पुस्तकासारखा सभासदाला घरी द्यायचा, आठवड्याने परत घ्यायचा. पण दापोली-गुहागरकडच्या वाड्यांत मोठ्या स्क्रीनचा फोन आता बहुतेक घरी आहेच, आणि टॅब म्हणजे तोच फोन, जरा थोराड. पोरांना बघायला-वाचायला ठीक. शिष्यवृत्तीचा लांबलचक अर्ज भरायचा, फोटो ठरलेल्या केबीत बसवायचा, तर त्याच्यावरही बोटं तितकीच चुकतात.

डोंगलचा, म्हणजे सिमकार्ड घालून इंटरनेट देणाऱ्या छोट्या यंत्राचा हिशेब आणखी सोपा. टॉवरची रेंज पोचत नाही तिथे डोंगलही मुका, आणि पोचते तिथे फोनचा हॉटस्पॉट तेच काम करतो. शिवाय देणगी एकदाच येते, रिचार्ज दर महिन्याला. घरातला एकमेव फोन बाबा बोटीवर घेऊन जातात, अशा घरासाठी मात्र एखादा डोंगल ठेवाच. जांभ्याच्या भिंतीआड नको, पडवीत ठेवा म्हणावं.

वाचनालयातच दोन पीसी मांडा, असंही कुणी सुचवेल. आषाढात खालच्या वाडीतून चढण चढून कोण येणार? प्रिंटर तेवढा तिथे असू दे.

माझं मत लॅपटॉपला, आणि तोही जुना. विंडोज १० चे नियमित अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले, त्यामुळे विंडोज ११ न पेलणारी पण धडधाकट मशीन मंडळातल्याच कुणाच्या तरी ऑफिसात पडून असतील. ती मागून घ्या, त्यावर विंडोजऐवजी चालणारी लिनक्स मिंट ही प्रणाली टाका; मराठी टायपिंगसकट सगळं फुकट. खर्च करायचाच तर नव्या बॅटरीवर करा, कारण पावसात लाईट कधी जाईल सांगता येत नाही. इंटरनेट सभासदाच्या फोनवरून.

मिंटमधलं ‘गेस्ट सेशन’, म्हणजे पाहुण्यासाठीचं तात्पुरतं खातं, चालू करून तेच वापरायला द्या. लॉगआउट केलं की त्यातलं सगळं पुसलं जातं. नाहीतर एकाचं आधार कार्ड दुसऱ्याला डाउनलोडमध्ये सापडायचं. अर्थात भरलेला अर्ज आधी पेनड्राइव्हवर घ्यायचा, हे देतानाच बजावा.

पावसाळ्यात मशीन कपाटात कोंडून ठेवू नका, मधूनमधून तासभर चालू ठेवा. आणि लॅपटॉपचा नंबर चार्जरवरही ऑइलपेंटने घाला. पहिला हरवतो तो चार्जरच.