मस्जिद बंदरातील एका फॉरवर्डिंग एजंटाची सेवा

दादरमधील आमचा पापड-मसाल्यांच्या निर्यातीचा व्यवसाय लहान आहे. गेल्या वर्षी मस्जिद बंदरातील एका फॉरवर्डिंग एजंटाकडे, म्हणजे माल परदेशी पाठवण्याची व्यवस्था पाहणाऱ्याकडे, काम सोपवले, तेव्हा त्यांनी दर सांगण्याआधी कराराची अट, म्हणजे मालाचा धोका विक्रेत्याकडून खरेदीदाराकडे कुठे जातो हे ठरवणारी अट, विचारली, आणि तिथेच मला त्यांच्याविषयी विश्वास वाटला. आम्ही सवयीने प्रत्येक कोटेशनवर एफओबी (फ्री ऑन बोर्ड) ही अट लिहीत असू आणि कंटेनर न्हावाशेवा बंदराच्या यार्डात पोहोचला की आपली जबाबदारी संपली, असे समजत असू. प्रत्यक्षात एफओबीमध्ये माल जहाजावर चढेपर्यंतचा धोका विक्रेत्याचाच असतो. पूर्वी एकदा यार्डात पावसाने खोकी भिजली, तळाचा पुठ्ठा हातात घेताच लगदा झाला आणि तो भुर्दंड आम्हालाच बसला.

एजंटांनी कंटेनरच्या मालासाठी एफसीए (फ्री कॅरियर) ही अट सुचवली, कारण त्यात ठरलेल्या ठिकाणी माल वाहतूकदाराच्या ताब्यात दिला की धोका खरेदीदाराकडे जातो. लेटर ऑफ क्रेडिटवर, म्हणजे कागदपत्रे पाहून पैसे देण्याच्या बँकेच्या हमीवर, काम करणाऱ्यांची अडचणही त्यांना ठाऊक होती: बँक बहुधा माल जहाजावर चढल्याची नोंद असलेले बिल ऑफ लेडिंग (वाहतूकदाराने दिलेला मालाचा दस्तऐवज) मागते, पण एफसीएमध्ये विक्रेता माल त्याआधीच सोपवून मोकळा होतो. असे बिल विक्रेत्याला देण्याची सूचना खरेदीदाराने वाहतूकदाराला करावी, अशी सोय इन्कोटर्म्स २०२० मध्ये, म्हणजे अशा व्यापारी अटींच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत, आहे, आणि ती करारात स्पष्ट लिहून घेण्याचा आग्रह त्यांनी धरला.

एक उणीव मात्र नोंदवावीशी वाटते. टर्मिनल हाताळणीचे (बंदरात कंटेनर हलवण्याचे) शुल्क पहिल्या कोटेशनमध्ये वेगळे दाखवलेले नव्हते आणि ते थेट बिलात आले. विचारणा केल्यावर पुढच्या कोटेशनपासून ते स्वतंत्र ओळीत येऊ लागले.