कुणी लेखक, कलाकार गेला की या दुकानात एक चक्कर मारा (नाशिकला शालिमारजवळ, जुनी पुस्तकं आणि नाटकांच्या व्हीसीडी)

दुकानाला पाटीच नाहीये, त्यामुळे नाव विचारू नका. शालिमारकडून मेन रोडला निघालात की एका बोळात आहे, बाहेर पुठ्ठ्यावर मार्करने "जुनी पुस्तके, दिवाळी अंक, कॅसेट, सीडी" एवढंच लिहिलंय. गाडी कालिदास कलामंदिराच्या आसपास जागा मिळाली तर तिथे लावा, नाहीतर सरळ रिक्षाने या, कारण त्या बोळात दोन स्कूटर समोरासमोर आल्या की एकीला मागे जावं लागतं.

दुकान काही खूप मोठं नाही, माल पण इतर रद्दीवाल्यांकडे असतो तसाच. पण इथली एक पद्धत मी दुसरीकडे कुठे बघितली नाही. एखादा लेखक, कवी नाहीतर नट गेला की काका (मालक, त्यांना सगळे काकाच म्हणतात) दुसऱ्या दिवशी त्या माणसाचं जे काय दुकानात असेल ते आतून शोधून काढतात, फडक्याने पुसतात आणि पायरीवर मांडून ठेवतात. फोटो नाही, हार नाही, फ्लेक्स तर नाहीच नाही. नुसतं त्याचं काम. आणि किंमत तीच, शेवटच्या पानावर पेन्सिलीने आधीपासून लिहिलेली. हे मुद्दाम सांगतेय कारण नारळीकर सर गेले, २० मे २०२५ ला, तेव्हा मी एक जुनी आवृत्ती ऑनलाइन बघून ठेवली होती आणि त्या विक्रेत्याने तिचा भाव त्याच आठवड्यात वाढवला. माणूस गेला म्हणून पुस्तक महाग, हा कुठला न्याय? काकांना विचारलं तुम्ही का नाही वाढवत, तर म्हणे "ताई, पुस्तक कालही तेच होतं ना."

नाशिककरांना नारळीकर म्हटलं की डिसेंबर २०२१ चं साहित्य संमेलन आठवतं, ९४वं, आडगावला कुसुमाग्रज नगरी उभारली होती, अध्यक्ष नारळीकर आणि तब्येतीमुळे त्यांना येताच आलं नाही. आम्ही मंडपात बसून पुस्तकांचे स्टॉल बघितले आणि अध्यक्षांशिवाय परत आलो. त्यामुळे पायरीवर "यक्षांची देणगी" आणि "चार नगरांतले माझे विश्व" एकाशेजारी एक दिसली तेव्हा दोन्ही उचलली. दुसरं म्हणजे त्यांचं आत्मचरित्र, बनारस, केंब्रिज, मुंबई आणि पुणे ही ती चार नगरं, याच पुस्तकाला २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. काकांनी बिल करता करता तो जुना किस्सा पण ऐकवला, की मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला सरांनी "नारायण विनायक जगताप" या खोट्या नावाने गोष्ट पाठवली होती, म्हणजे जयंत विष्णू नारळीकरची आद्याक्षरं उलटी, का तर परीक्षकांनी मोठं नाव बघून नंबर देऊ नये. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती बायकोकडून लिहून घेतली. पहिला नंबर आलाच. आता हे ऐकल्यावर पुस्तक घरी जाऊन दोन दिवस तसंच पडून राहील का तुम्हीच सांगा.

व्हॉट्सॲपवर काय होतं, एक फोटो, खाली "भावपूर्ण श्रद्धांजली", सकाळी सगळ्यांचा स्टेटस तोच आणि संध्याकाळी कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक. मी पण ठेवते, नाही असं नाही. पण अच्युत पोतदार गेले (१८ ऑगस्ट २०२५) तेव्हा जिथे बघावं तिथे "थ्री इडियट्स"मधलं त्यांचं "कहना क्या चाहते हो" एवढंच. अहो, तो माणूस आधी लष्करात कॅप्टन होता, मग इंडियन ऑइलमध्ये वर्षानुवर्षं नोकरी केली, चाळिशी उलटल्यावर सिनेमात आला आणि शंभरावर सिनेमे करून गेला, आणि आपल्या हातात राहिली एक ओळ. पायरीवर त्या दिवशी काकांनी चार-पाच हिंदी सिनेमांच्या सीडी लावल्या होत्या, ज्यात पोतदार कधी वकील, कधी मास्तर, कधी नुसतेच कोपऱ्यात बसलेले म्हातारबुवा. प्रत्येक कव्हरवर फोटो हिरोचा. काका म्हणाले कव्हर बघू नका, आत शोधा.

तो ऑगस्टच वाईट होता. ज्योती चांदेकर, पोतदार, बाळ कर्वे, पायरी रिकामी होईचना, आणि महिना संपता संपता प्रिया मराठे. बाळ कर्वे म्हणजे आमच्या आईबाबांच्या पिढीचा गुंड्याभाऊ, दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि हे सोटा घेऊन शेजारी. आता त्या मालिकेची व्हीसीडी काही दुकानात नव्हती. मग काकांनी काय करावं, चिं. वि. जोशींची जेवढी पुस्तकं होती तेवढी सगळी मांडली! म्हणजे गुंड्याभाऊ जिथून आला तेच. मला हे फार आवडलं. माझ्या भाच्याला ना मालिका माहीत ना नट, त्याने दुकानात उभ्या उभ्या एक प्रकरण वाचलं आणि हसायला लागला, शंभर वर्षांपूर्वीच्या जमान्यातल्या विनोदावर, ते पण मोबाइल खिशात ठेवून.

नाटकांचा कप्पा आत डाव्या हाताला आहे, तिथे वेळ काढून जा. अतुल परचुरे गेले तेव्हा (१४ ऑक्टोबर २०२४, वय फक्त ५७) मला तिथे "वासूची सासू" मिळालं. परचुरेंचा एक मान असा की स्टेजवर पुलंची भूमिका त्यांनी केली आणि ती बघायला समोर खुद्द पु. ल. बसले होते. एवढ्या मोठ्या माणसाचं सोंग त्याच्याच समोर आणायचं म्हणजे छातीच पाहिजे. टीव्हीवर त्यांना नंतर बघितलेल्या लोकांना वाटतं हा नुसता गमत्या नट, पण नाटक बघितलंत की कळतं, समोरच्याने वाक्य टाकलं की हे किती वेळ थांबतात आणि मग बोलतात. त्या थांबण्यावरच हशा येतो.

आता तक्रार, कारण सगळंच गोड लिहिलं तर तुम्ही म्हणाल काकांची नातेवाईक दिसते. व्हीसीडी घेताना पाकीट उघडून दोन्ही तबकड्या आहेत का ते बघाच. मी एक नाटक नेलं, रात्री जेवणं उरकून सगळे बसलो, पहिला अंक झक्कास झाला आणि पाकिटात दुसरी तबकडीच नाही. सासूबाई अजून विचारतात पुढे काय झालं. काकांना सांगितलं तर "सापडली की फोन करतो", तो फोन अजून आलेला नाही. पैसे परत मागितले तर देतात, पण आधी पंधरा मिनिटं गप्पा ऐकाव्या लागतात. धूळ भयंकर आहे, दम्याचा त्रास असेल त्यांनी मास्क लावा. पावसाळ्यात खालच्या रॅकमधली पुस्तकं ओलसर असतात, वास बघून घ्या. क्यूआर कोड आहे पण आत रेंज येत नाही, सुटे पैसे ठेवा.

दुसरी गोष्ट जरा वेगळी आहे, त्यात काकांचा दोष नाही. प्रिया मराठे ३८ वर्षांची गेली, "पवित्र रिश्ता" मुळे घराघरात माहीत असलेली मुलगी, आणि तिच्यासाठी पायरीवर ठेवायला काहीच निघालं नाही. काकांनी बराच वेळ आत शोधलं. मालिकांचे शेकडो भाग करायचे आणि हातात धरता येईल असं काही उरत नाही, सगळं कुठल्यातरी ॲपवर, तेही ॲपवाल्यांच्या मर्जीने. पुस्तकवाले यात नशीबवान.

रा. रं. बोराडे गेले तेव्हाचं (११ फेब्रुवारी २०२५) राहिलंच की. काकांनी "पाचोळा" माझ्या हातात कोंबलं होतं, मी म्हटलं हे ऐकून माहितीये, तर म्हणे ऐकून नाही, वाचून सांगा. गावातल्या शिंप्याच्या घराची वाताहत, त्याच्याच बायकोच्या तोंडून, तिच्याच बोलीत, १९७१ चं पुस्तक. छोटंसं आहे पण एका बैठकीत संपवू नका, जीव घुसमटतो. कवी ना. धों. महानोरांच्या "रानातल्या कविता" मागितल्या तर मात्र मिळाल्या नाहीत, ते पुस्तक आलं की लगेच जातं म्हणे, तीन ऑगस्टच्या आसपास तर लोक सांगूनच ठेवतात, त्या तारखेला २०२३ मध्ये ते गेले.

पाचपैकी चार स्टार, एक त्या हरवलेल्या तबकडीचा कापला. सकाळी अकराच्या आधी जाऊ नका, शटर अर्धंच असतं. आणि कुणाच्या माळ्यावर चालू व्हीसीडी प्लेअर पडला असेल तर भंगारात घालू नका, काका विकत घेतात, त्यांच्याकडे तो मागायला माणसं येतायत आणि मशिनच मिळत नाहीये.