ट्रेडमार्कसाठी एजंट गाठताय? अर्जाचे रकाने आधी वाचा

कोथरूडमध्ये घरून मसाले आणि लोणची विकणाऱ्या एका ताईंकडून एजंटने ‘सरकारी फी’ म्हणून १८,००० रुपये घेतले. चार दिवसांत पीडीएफ आली, सोबत निरोप: ट्रेडमार्क झाला, आता पाकिटावर गोलातला आर छापा. ती पीडीएफ म्हणजे टीएम-ए, म्हणजेच ट्रेडमार्क नोंदणीच्या अर्जाची नुसती पावती. तपासणी, सरकारी ट्रेडमार्क जर्नलमधली जाहिरात आणि त्यानंतर हरकतींसाठीचे चार महिने उरकल्याशिवाय प्रमाणपत्र निघतच नाही. तोवर फक्त ‘टीएम’ लिहायचं. नोंदणी नसताना गोलातला आर छापला तर दंड होतो.

ऑनलाइन अर्जाला व्यक्ती किंवा उद्यम नोंदणी असलेल्या लघुउद्योगासाठी दर क्लासला (म्हणजे मालाच्या दर वर्गाला) ४,५०० रुपये लागतात, मोठ्या कंपन्यांना ९,०००. मसाले क्लास ३० मध्ये, लोणची २९ मध्ये. म्हणजे सरकारी फी ९,००० झाली असती. एजंटने भरला एकच क्लास. त्याने स्वतःची फी वेगळी सांगून घ्यावी, त्यात गैर काही नाही. ती सरकारच्या नावावर खपवणं ही उघड लबाडी आहे.

पण पैशांपेक्षा मोठं नुकसान रकान्यांत झालं. अर्जदार म्हणून एजंटच्याच फर्मचं नाव. ‘वापर कधीपासून’ इथे ‘पुढे वापरणार’, कारण जुनी तारीख टाकली की शपथपत्र आणि बिलं जोडावी लागतात. मालक किंवा वापराची तारीख नंतर दुरुस्ती करून बदलून घेणं सोपं नसतं. ईमेलही एजंटचाच. तपासणी अहवाल त्याच्याकडे जातो, आणि ३० दिवसांत उत्तर गेलं नाही तर अर्ज सोडून दिला असं धरतात. मालकिणीला पत्ताही लागत नाही.

म्हणून सबमिट करण्याआधी मसुदा मागा, ईमेल आणि मोबाइल स्वतःचा घाला. अर्ज क्रमांक मिळाला की आयपी इंडियाच्या सरकारी साइटवर स्थिती आपणच बघा. ‘रजिस्ट्रीच्या पुणे ऑफिसातून बोलतोय’ असा फोन आला तर सरळ ठेवून द्या. पुण्यात रजिस्ट्री, म्हणजे ट्रेडमार्क नोंदणीचं सरकारी कार्यालय, नाही, महाराष्ट्राचं काम मुंबईला अँटॉप हिलला चालतं. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा.

नाव एजंटच्या नावावर गेलंच असेल तर जुनी बिलं, अन्न परवाना आणि छापील लेबलं गोळा करून खऱ्या तारखेसह स्वतःच्या नावाने नवा अर्ज भरा. त्याचा अर्ज जर्नलमध्ये आला की चार महिन्यांच्या आत टीएम-ओ हा फॉर्म भरून हरकत घ्या. ऑनलाइन फी दर क्लासला २,७०० रुपये.